नाव नसलेल्या मृतदेहाला नाव कोण मिळवून देतं?

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात निळा चौकडीचा शर्ट, उजव्या मनगटावर ॐ गोंदलेले. नातेवाइकांनी संपर्क साधावा.’

मुंबईच्या लोकलने रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने रेल्वे पोलिसांच्या चौकीबाहेर अशा धाटणीचा कागद कधी ना कधी पाहिलेला असतो. गाडी लागलेली असते, आपण पुढे जातो. मी मात्र अलीकडे थांबून वाचतो. कारण त्या माणसाला कुणी ‘बाबा’ म्हणत असेल, कुणी ‘दादा’ म्हणत असेल, आणि त्या घरात आज कुणालाच माहीत नाही की तो आता या कागदावर आहे.

या कागदाच्या मागे जाणारी माणसं जगात आहेत. ती पोलीस नाहीत. कुणी कारखान्यात कामाला, कुणी निवृत्त वकील, कुणी गृहिणी, कुणी प्राध्यापक. दिवसभराचं काम आटोपलं की ही मंडळी संगणकासमोर बसून वीस-वीस, पन्नास-पन्नास वर्षं जुन्या बेपत्ता व्यक्तींच्या आणि न उलगडलेल्या खुनांच्या फायली वाचतात. सध्या वेब सिरीज आणि पॉडकास्टमुळे यांचं नाव सगळीकडे आहे. कुणाला ते पोलिसांपेक्षा हुशार वाटतात, कुणाला दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसणारे रिकामटेकडे. मला यातलं काहीच पूर्ण पटत नाही. या हौशी शोधकांची गेल्या पंचवीस वर्षांतली कामगिरी नीट पाहिली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. मेलेल्याचं नाव शोधताना त्यांनी अचाट काम केलं आहे, आणि मारणाऱ्याचं नाव शोधताना अनेकदा अनर्थ केला आहे. असं का होतं, ते समजून घेऊ.

दोन फायली, ज्या एकमेकींना भेटतच नाहीत

घरातला माणूस परतला नाही की आपण पोलीस ठाण्यात जातो. तिथे होते ती ‘मिसिंग’ची नोंद. दुसरीकडे कुठेतरी मृतदेह सापडतो, तिथे होते आकस्मिक मृत्यूची नोंद, पोलिसांच्या भाषेत ‘एडीआर’. मग पंचनामा, शवविच्छेदन, फोटो, कपड्यांचं वर्णन. ओळख पटली नाही तर काही काळ वाट पाहून अंत्यसंस्कार.

मिसिंगची फाईल नांदेडला आणि एडीआर कल्याणला असेल तर? किंवा एक महाराष्ट्रात आणि दुसरी गुजरातेत?

वारीत किंवा जत्रेत मूल हरवलं की काय होतं ते आठवा. मूल एका टोकाला रडतंय, आई दुसऱ्या टोकाला. तरी बहुतेक वेळा तासाभरात दोघांची गाठ पडते, कारण दोघांनाही एकाच भोंग्याकडे नेलं जातं. आता अशी जत्रा कल्पा जिथे शंभर भोंगे आहेत आणि एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जात नाही. मूलही सुखरूप, आईही जागेवर, पण गाठ नाही. अनोळखी मृतदेहांचं नेमकं हेच होतं. यात गुपित काहीच नसतं, फक्त एका भोंग्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाणारं कुणी नसतं. हौशी शोधक पहिल्यांदा उपयोगी पडला तो इथे.

केंटकीतली मुलगी

१७ मे १९६८ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यात जॉर्जटाउनजवळ विहिरी खणणाऱ्या एका माणसाला हिरव्या ताडपत्रीत गुंडाळलेला एका तरुणीचा मृतदेह सापडला. तंबूला वापरतात तसलं कापड, म्हणून वर्तमानपत्रांनी तिला ‘टेंट गर्ल’ म्हटलं. नाव नाही, गाव नाही. गावकऱ्यांनी तिला मूठमाती दिली, थडग्यावर तिचं रेखाचित्र कोरलं.

त्या विहीरवाल्याचा जावई टॉड मॅथ्यूज. टेनेसीतल्या एका कारखान्यात काम करणारा तरुण. सासऱ्याकडून ही गोष्ट ऐकली आणि ती त्याच्या डोक्यातून जाईना. सुमारे दहा वर्षं तो जुनी कात्रणं, ग्रंथालयं आणि मग नव्याने आलेलं इंटरनेट धुंडाळत राहिला. १९९८ च्या जानेवारीत एका रात्री त्याला एक छोटी जाहिरात दिसली. एक बाई आपल्या बहिणीला शोधत होती, जी १९६७ च्या अखेरीस लेक्सिंग्टन भागातून नाहीशी झाली होती. लेक्सिंग्टन म्हणजे जॉर्जटाउनहून जेमतेम वीस किलोमीटर. थडगं उघडलं गेलं, बहिणीच्या डीएनएशी नमुना जुळला.

इतकी वर्षं का लागली? पोलिसांनी मृत मुलीचं वय सोळा ते एकोणीस धरलं होतं. ती निघाली चोवीस वर्षांची, लग्न झालेली, लेकुरवाळी. एक चुकीचा आकडा फाईलवर चढला आणि सगळे एका अल्पवयीन मुलीला शोधत राहिले. म्हणून अशा फाईलमधलं वय, उंची, बांधा यांना जाणकार शोधक अंदाजच मानतात, आणि गोंदण, दातातली चांदी, जुनं हाड मोडल्याची खूण यांना जास्त वजन देतात.

पुढे मॅथ्यूज अमेरिकी सरकारच्या मदतीने चालणाऱ्या ‘नेमअस’ या नोंदसंग्रहासाठी काम करू लागला. तिथे बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतदेह एकाच जागी नोंदवले जातात आणि त्यातली बरीच माहिती सामान्य माणसालाही वाचता येते. म्हणजे शेवटी एकच भोंगा झाला.

सॉमर्टनचा माणूस

पण जाहिरात देणारी बहीणच नसेल तर? इथे ऑस्ट्रेलियातली एक केस सांगायलाच हवी.

१ डिसेंबर १९४८ ची सकाळ, ॲडलेड शहराजवळचा सॉमर्टन किनारा. भिंतीला डोकं टेकवून एक माणूस मरून पडलेला. कडक इस्त्रीचे कपडे, कॉलरवर अर्धवट ओढलेली सिगारेट. खिशात पाकीट नाही. कपड्यांवरची लेबलं कापून काढलेली. आपल्याकडेही पोलीस शर्टाच्या कॉलरवरचं टेलरचं लेबल आधी बघतात, कारण त्यावरून दुकान, दुकानावरून गाव आणि गावावरून माणूस सापडतो. इथे तो धागाच तुटलेला. विषाचा संशय आला, पण तपासणीत विष सापडलं नाही. पुढे ॲडलेड स्टेशनच्या सामानघरात एक सूटकेस मिळाली. तिच्यातल्या काही कपड्यांवर लाँड्रीचे आकडे होते आणि टायवर नाव होतं ‘टी. कीन’. या नावाचा कुणी बेपत्ता माणूस मिळाला नाही.

नंतर पँटच्या चोरखिशात गुंडाळलेला कागदाचा कपटा निघाला. त्यावर छापील अक्षरं होती, ‘तमाम शुद’. फारसी शब्द, अर्थ ‘संपलं’. आपण ‘काम तमाम केलं’ म्हणतो त्यातलाच तमाम. तो कपटा उमर खय्यामच्या रुबायांच्या एका प्रतीच्या शेवटच्या पानाचा होता. ते पुस्तकही सापडलं आणि त्याच्या मागच्या पानावर दिसल्या अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या ओळी.

झालं. शीतयुद्धाचा काळ, त्यात गूढ अक्षरं. हा हेर होता, ही सांकेतिक लिपी आहे, असं म्हणत सत्तर वर्षं जगभरच्या हौशी लोकांनी त्या ओळींवर डोकं आपटलं. हाती काही लागलं नाही.

लागलं ते वेगळ्याच वाटेने. १९४९ मध्ये दफनाआधी पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याचा आणि छातीचा प्लॅस्टरचा साचा घेतला होता आणि त्या प्लॅस्टरमध्ये त्याचे काही केस अडकून राहिले होते. ॲडलेड विद्यापीठातले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक डेरेक ॲबट यांचा गुन्हेतपासाशी नोकरी म्हणून काही संबंध नव्हता. त्यांनी ते केस मिळवले. अमेरिकेतल्या वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांच्याबरोबर काम करून २६ जुलै २०२२ रोजी त्यांनी नाव जाहीर केलं: कार्ल वेब, जन्म १६ नोव्हेंबर १९०५, मेलबर्नजवळचं फुटस्क्रे. व्यवसायाने विजेची उपकरणं तयार करणारा.

पोलिसांनी २०२१ मध्ये स्वतंत्रपणे थडगं उघडून अवशेष काढले होते आणि ॲबटांच्या घोषणेवर त्यांनी लगेच शिक्का मारला नाही. तेही योग्यच होतं. पण टायवरचं ‘कीन’ आठवतंय? वेबच्या एका बहिणीचं सासरचं आडनाव कीन होतं. टाय बहुधा मेव्हण्याचा.

डीएनएवरून नाव निघतं तरी कसं?

पोलिसांची नेहमीची डीएनए चाचणी फक्त एवढंच सांगते की हा नमुना आणि तो नमुना एकाच माणसाचा आहे का, किंवा हे आई-मूल आहेत का. त्यासाठी डीएनएतल्या वीसेक जागा पाहतात. म्हणजे रेशनकार्डाचा नंबर ताडून पाहण्यासारखं. जुळला तर जुळला, पण समोर ताडायला दुसरं कार्ड नसेल तर नंबराचा उपयोग शून्य.

दुसरी चाचणी सहा-सात लाख जागा वाचते. ती लग्नातल्या म्हाताऱ्या आत्यासारखी असते. तिने तुम्हाला आयुष्यात पाहिलेलं नसतं, तरी ती म्हणते, ‘तू दगडूअण्णाच्या घरातला ना रे? कपाळ तसंच आहे.’ दोन माणसांत किती डीएनए सामायिक आहे ते ही चाचणी मोजते. त्याचं माप आहे सेंटीमॉर्गन. आई आणि मुलात साधारण ३४०० सेंटीमॉर्गन सामायिक असतात. सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांत, म्हणजे आजोबा एक असलेल्यांत, सुमारे ८५०. पणजोबा एक असतील तर २३० च्या आसपास. खापरपणजोबा एक असतील तर सत्तरच्या घरात.

वडिलोपार्जित जमिनीसारखंच हे. दर पिढीला वाटणी होते, वाटा निम्मा होतो. फरक इतकाच की ही वाटणी चिठ्ठ्या टाकून होते, त्यामुळे खापरपणजोबा एक असलेल्या काही भावंडांत एक गुंठाही सामायिक निघत नाही.

आता मृतदेहाचा डीएनए अशा नोंदसंग्रहात टाकायचा जिथे लोकांनी हौसेने आपले अहवाल ठेवलेले असतात. ‘जेडमॅच’ हा त्यातला सर्वांत गाजलेला. तिथे समजा एक माणूस ७० सेंटीमॉर्गनने जुळला. तो मृताला ओळखतही नसेल, पण दोघांचे खापरपणजोबा एक असावेत हे कळलं. मग वर चढायचं, त्या मूळ जोडप्यापर्यंत. आणि तिथून खाली उतरायचं, त्यांच्या प्रत्येक मुलाच्या, नातवंडाच्या, पतवंडाच्या फांदीने. जन्माचे दाखले, लग्नाच्या नोंदी, मृत्युलेख, मृत्युपत्रं. ज्यांनी मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी मोडी कागद शोधून तहसीलमध्ये वंशावळ जोडली आहे त्यांना हे काम वेगळं समजवायला नको. इथे फक्त ते उलटं करायचं असतं. आपण आपल्यापासून खापरपणजोबाकडे जातो, हे लोक खापरपणजोबापासून हरवलेल्या माणसाकडे येतात.

ॲबट आणि फिट्झपॅट्रिक यांनी सॉमर्टनच्या माणसासाठी असं सुमारे चार हजार जणांचं झाड रचलं. त्यात कार्ल वेबच्या नावापुढे जन्मतारीख होती आणि मृत्यूची तारीख कुठेच नव्हती.

ही पद्धत वापरून अनोळखी मृतांची नावं शोधायला फिट्झपॅट्रिक आणि मार्गारेट प्रेस यांनी २०१७ मध्ये ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ सुरू केला. तिथलं झाडं रचण्याचं काम स्वयंसेवक करतात, बिनपगारी.

मग आपल्याकडे का नाही?

एक तर आपले लोक असल्या नोंदसंग्रहांत फारसे नाहीतच. दुसरं म्हणजे कायदा. डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता माणसं आणि अनोळखी मृतांच्या नोंदींची तरतूद होती. ते २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आहे, ज्यात ओळखीसाठी शरीराची मापं आणि नमुने घेता येतात, पण त्याचा रोख अटक झालेल्या आणि शिक्षा झालेल्या माणसांवर आहे.

तिसरं कारण आपल्या घरातलं आहे. शतकानुशतकं जातीतच सोयरीक, त्यात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न. त्यामुळे दोन माणसं एकाच नात्याने जोडलेली नसतात, चार वाटांनी जोडलेली असतात. संगणक म्हणेल ‘पणजोबा एक’, आणि प्रत्यक्षात ते तीन वेगवेगळ्या लांबच्या नात्यांची बेरीज असेल. अमेरिकेत बसवलेला हिशेब इथे जशाचा तसा चालणार नाही.

पण आपल्याकडे जे आहे ते इतरांकडे नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्याच्या पिढ्या लिहिलेल्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घराण्यांची कुळं सांगत फिरतात. हे धन उद्या या कामी येऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

‘नाव शोधता, मग खुनी का शोधू नये?’

हा प्रश्न येणारच, कारण खरी उत्सुकता तिथेच असते.

मृताच्या नावाबद्दलचा अंदाज चुकला तर काय होतं? प्रयोगशाळा म्हणते ‘जुळत नाही’ आणि फाईल मिटते. एका घराची आशा मोडते, तेही छोटं दुखणं नाही, म्हणून जबाबदार शोधक घरच्यांना परस्पर फोन करत नाहीत, पोलिसांना कळवतात. पण मारेकऱ्याच्या नावाचा अंदाज चुकला तर त्याची किंमत जिवंत माणूस मोजतो, आणि इंटरनेटवरच्या आरोपाला ‘जुळत नाही’ म्हणणारी कुठली चाचणी नसते.

१५ एप्रिल २०१३ ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. ‘रेडिट’ या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर हजारो लोक गर्दीचे फोटो मोठे करकरून गुन्हेगार शोधायला लागले. त्यांनी बोट ठेवलं भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्यावर, जो महिनाभर आधीपासून बेपत्ता होता. त्याचे आई-वडील, भाऊ-बहीण आधीच त्याला शोधत होते, त्यात त्यांच्यावर शिव्याशापांचा पाऊस पडला. तो निर्दोष होता. २३ एप्रिलला त्याचा मृतदेह नदीत सापडला. रेडिटच्या व्यवस्थापनाने जाहीर माफी मागितली.

आपल्याला लांब जायची गरज नाही. २०२० मध्ये मुंबईत सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला आणि अख्ख्या देशाने घरबसल्या खुनाचा तपास केला. एम्सच्या डॉक्टरांच्या मंडळाने खुनाची शक्यता फेटाळली. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या पाच वर्षांत ज्यांना मोबाइलवरून खुनी ठरवलं गेलं त्यांची ती वर्षं कोण परत देणार? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये याच प्रकरणात सांगितलं की माध्यमांतून चालवलेला खटला न्यायदानात अडथळा आणतो.

‘पण गोल्डन स्टेट किलर तर याच पद्धतीने सापडला!’ खरं आहे. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकांत किमान तेरा खून आणि पन्नासच्या आसपास बलात्कार करणारा माणूस एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. तो एकेकाळचा पोलीस निघाला. त्याचं झाड रचण्यात निवृत्त पेटंट वकील बार्बरा रे-व्हेंटर यांचा मोठा वाटा होता. पण क्रम बघा. झाडाने संशयित दाखवला, मग पोलिसांनी त्याच्या गाडीच्या दाराच्या मुठीवरून आणि कचऱ्यातल्या टिश्यूवरून नमुना घेतला, तो ताडला, आणि मगच नाव जगाला कळलं. त्याआधी ओरेगॉनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या वयस्क माणसाकडे संशय गेला होता. त्याचा नमुना घेतला, जुळला नाही, विषय संपला. तेच नाव तेव्हा इंटरनेटवर गेलं असतं तर त्या म्हाताऱ्याचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

‘माझ्या भावाने चाचणी केली, त्यात मी का अडकू?’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. तुमच्या चुलतभावाचा अहवाल म्हणजे थोडा तुमचाही अहवाल असतो, आणि तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. पोलिसांच्या वापरावरून झालेल्या वादामुळे जेडमॅचने २०१९ मध्ये नियम बदलला: ज्याने स्पष्ट होकार दिला त्याचाच अहवाल गुन्हेगार शोधण्यासाठी पोलिसांना ताडता येईल. माझ्या मते आपल्याकडे कधी कायदा झालाच तर अनोळखी मृतांची नोंद आणि गुन्हेगारांची नोंद या दोन पूर्ण वेगळ्या खोल्या असाव्यात. हरवलेल्या मुलाला शोधायला आईने दिलेला नमुना उद्या तिच्याच घरावर वापरला जाईल अशी भीती असेल तर कोण येईल द्यायला?

‘मेलेल्याचं नाव कळून आता काय?’

ज्या घरातला माणूस ‘बेपत्ता’ आहे त्या घराला हे विचारून बघा. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विमा नाही, पेन्शन नाही, सातबाऱ्यावर वारस लागत नाही. सात वर्षं काही खबर नसेल तर कायदा माणूस मेला असं गृहीत धरू शकतो, पण त्यासाठीही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. बायको कुंकू लावते तरी लोक बोलतात, नाही लावलं तरी बोलतात. घरात श्राद्ध घालायचं की ताट वाढून ठेवायचं, हेही ठरत नाही.

कार्ल वेब १९४७ मध्ये घर सोडून गेला होता. त्याच्या पत्नीने १९५१ मध्ये ‘नवरा टाकून गेला’ या कारणावरून घटस्फोट मागितला. तेव्हा ती दक्षिण ऑस्ट्रेलियात राहत होती. ॲबटांनी काढलेलं नाव बरोबर असेल तर ज्याच्याकडून ती सुटका मागत होती तो माणूस त्याच राज्यात, ॲडलेडच्या दफनभूमीत, दोन वर्षं आधीच पुरलेला होता.

म्हणून तुमच्या ओळखीत कुणी हरवलं तर पहिल्याच तासाला ठाण्यात जा. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. मूल अल्पवयीन असेल तर थेट गुन्हा नोंदवावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं सांगितलेलं आहे. गोंदण, ऑपरेशनचे व्रण, दाताच्या डॉक्टरकडचे एक्स-रे, अलीकडचा हसतानाचा फोटो (दात दिसतात म्हणून) हे सगळं द्या. आणि पोस्टरवर असे फोन नंबर घाला जे दहा वर्षांनीही चालू असतील. हे शेवटचं मी उगाच सांगत नाही.

१६६ नंबरची मुलगी

मुंबईत अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे बेपत्ता मुलींच्या फायली होत्या. २००८ ते २०१५ या काळातल्या १६६ मुली. त्यातल्या १६५ सापडल्या. राहिलेली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली सात वर्षांची पोर. २०१५ मध्ये भोसले निवृत्त झाले, पण तिचा फोटो खिशात घेऊन शोधत राहिले. आता त्यांच्याकडे ना गणवेश होता ना अधिकार. तेही हौशी शोधकच झाले होते.

ती सापडली ऑगस्ट २०२२ मध्ये, सोळा वर्षांची होऊन, तिच्याच घरापासून फार लांब नाही. एका घरात ती मूल सांभाळायच्या कामाला होती. तिथे काम करणाऱ्या दुसऱ्या बाईने तिची कहाणी ऐकली आणि मोबाइलवर तिचं नाव आणि ‘मिसिंग’ हा शब्द टाकून शोधलं. २०१३ चं पोस्टर समोर आलं. त्यावरचे नंबर एकेक करून लावले. लागेनात. एक लागला, तो शेजाऱ्याचा होता. त्याला आधी खरंच वाटेना, म्हणून व्हिडिओ कॉल केला, आणि मुलीचा चेहरा तिच्या आईला दाखवला. आईने तिला ओळखलं.